मोजल्याशिवाय लिंपायचं नाही

त्या दिवशी एल्पिदियानं दार उघडलं नाही.

क्रिसान्तो सकाळीच आला होता. मोटारसायकलच्या मागे ती लाकडी गाडी जोडलेली, गाडीत रेती, चुना, शेळ्यांच्या लेंड्यांचं पोतं आणि फड्या निवडुंगाच्या पानांचा ढीग. मागे बसलेली ती तुकुमानच्या विद्यापीठातली मदतनीस पोरगी, मिलाग्रोस, मांडीवर डबेडुबे सांभाळत. एल्पिदियानं खिडकीच्या फटीतून बघितलं आणि आतून अडसर घातला. पाठच्या सख्ख्या भावाला. आणि घातलेला त्याला ऐकू जावा म्हणून दणकन घातला.

"एल्पी, उघड. आज शेवटची मोजणी. मोजून झालं की आजच लिंपायला घेतो. संध्याकाळपर्यंत तुझं घर अंड्यासारखं गुळगुळीत."

"वर्षभर कुठं होतास?"

"वर्षभर थांबायचं ठरलंच होतं की."

"मग आता तू थांब. आज माझ्या दाराच्या वाट्याला थांबायचा दाणा आलाय."

"अगं ढेकूण मोजायचेत, तुला नाही मोजत."

"निकासियाकडे जा मोजायला. तिच्या भिंती लाडानं लिंपल्यास ना? त्याच चाट जाऊन."

क्रिसान्तो हसला. तो हसला की हिचं डोकं आणखी फिरायचं. त्यानं बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळली, अंगणात अल्गारोबाच्या झाडाखाली खड्डा केला आणि सगळं ओतून पायानं तुडवायला लागला. ती पोरगी सावलीत बसून निवडुंगाची पानं चिरत होती.

"नको उघडूस. चिखल तरी मळून ठेवतो. चिखलाशी तर तुझं भांडण नाही ना?"

"माझ्या अंगणातलाय. त्याच्याशीपण आहे."

असं बराच वेळ चाललं. तो चिखल तुडवतोय, ही आत चुलीपाशी भाकरीचं पीठ तुडवतेय, आणि मधल्या दारातून एकमेकांचा उद्धार. मग त्याचा आवाज थांबला. हिला वाटलं, रुसला.

"काय डॉक्टर, दमलात का?"

तिनं पिठाचा गोळा परातीत आपटला.

"एवढ्यात? बाकी लोकांच्या घरी तर जत्रेतल्या बैलासारखा नाचायचास!"

तर ती पोरगी किंचाळली. आणि एल्पिदियाला काय वाटावं? दार उघडायची युक्ती आहे म्हणून. शिकलेल्यांच्या युक्त्या तिनं वर्षभर बघितल्या होत्या. तिनं पिठाचे हात सावकाश पुसले, अडसर सावकाश काढला, तोंडात शिवी तयार ठेवली, आणि दार उघडलं तर क्रिसान्तो त्या चिखलात कुशीवर पडलेला. एक हात छातीखाली. त्याच्या पायांचे ठसे अजून ताजे होते, त्यांत पाणी झिरपत होतं. पोरगी त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबत होती आणि रडत होती आणि परत दाबत होती. एल्पिदियानं तिला धक्का मारून बाजूला केलं.

"उठ," ती म्हणाली. "काळ्या, उठ. उघडलंय बघ."

पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं.

* * *

त्यांची आई अशीच गेली होती. उखळात मका कांडता कांडता मुसळ हातातून सुटलं आणि ती मुसळाच्या आधी खाली. सगळे म्हणाले उन्हाचा तडाखा. काळ्या, म्हणजे क्रिसान्तो, तेव्हा एवढुसा, तो एल्पिदियाला म्हणाला, "पण आई तर सावलीत होती." तेव्हापासून त्याला ती खोड लागली. कुणी मेलं की बाकीची माणसं रडायची, हा विचारत बसायचा. सावलीत होता का, झोपायचा कुठं, छपराला काय घातलं होतं. मयताच्या घरी कुत्र्यासारखा भिंती हुंगायचा. एल्पिदिया त्याला कान धरून घरी आणायची.

तिनंच वाढवला त्याला. ती शाळेत गेली ती नाव लिहिता येईपर्यंत. मग शेळ्या. ती शेळ्यांमागे गेली म्हणून हा शाळेत गेला, आणि हे तिनं त्याला कधी विसरू दिलं नाही. पुढे तो शहरात इस्पितळात नर्स झाला. पांढरे कपडे घालून गावी, पुका पोसोत, आला तेव्हा म्हातारी माणसं उठून उभी राहिली होती. एल्पिदिया म्हणाली, "बसा हो, याला मी धुतलाय." पण संध्याकाळी तिनं शेळीचं करडू कापलं.

तिथं थांबला असता तर काय बिघडलं असतं? लग्न नाही, पोर नाही, बरी नोकरी. पण नाही. दाढी पिकायला लागल्यावर यानं परत दप्तर घेतलं. पुढचं शिक्षण. प्रबंध लिहायचा म्हणे. रात्रपाळी करायची, बसनं तुकुमानला जायचं, अर्ध्या वयाच्या पोरांच्या मागच्या बाकावर बसायचं. तिथल्या शिकवणाऱ्या एका बाईनं त्याला तोंडावर विचारलं होतं, नर्सला प्रबंध कशाला हवा, इंजेक्शन द्यायला का? हे त्यानंच हसत हसत घरी सांगितलं. एल्पिदिया हसली नाही. तिनं त्या बाईला तीन पिढ्यांपर्यंत शिव्या घातल्या, आणि मग भावाला म्हणाली, "पण बरोबरच बोलली ती."

आमच्या पुका पोसोला प्रबंधवाले काही नवे नव्हते. दरसाल कुणी ना कुणी यायचं. एक आला तो झाडावरची पाखरं लिहून गेला. एक बाई आली, ती म्हाताऱ्यांना विचारायची तुम्ही पोरं कुठं जन्माला घातलीत, बसून का आडवं पडून. एक बुएनोस आइरेसचा बौतिस्ता, तो आमची किचवा बोली गोळा करायला आला आणि अजून गेलेला नाही. आवाज भरून घेणारी एवढीशी डबी पुढे करतो आणि म्हणतो, बोला. लोकांनी त्याला पहिल्या आठवड्यात सगळ्या घाण शिव्या शिकवल्या, त्या त्यानं दुकानात म्हाताऱ्या पाद्रीबाबांना रामराम म्हणून घातल्या. हे सगळे येतात, माते म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, सगळ्यांनी एकाच पेल्यातून नळीनं ओढायचा, तर तो पेला उलटा धरतात, नळी ढवळतात, पोट बिघडवून घेतात, आणि जे न्यायचं ते घेऊन जातात. कुणी रक्त नेतं, कुणी गोष्टी नेतं. परत काही आणत नाहीत. एल्पिदिया म्हणायची, हे तर टोळापेक्षा वाईट. टोळ निदान विचारत तरी नाही, "आजी, बरं वाटतंय ना?"

आणि आता त्या टोळधाडीत तिचा स्वतःचा भाऊ.

त्याचा विषय विंचुका. विंचुका म्हणजे ढेकणाचा थोरला भाऊ म्हणा, मातीच्या भिंतीच्या भेगांत राहतो, माणूस झोपला की उतरून रक्त पितो आणि तिथंच घाण करतो. त्या घाणीतून रोग शिरतो आणि गुपचूप बसतो. वीस-तीस वर्षं माणसाला पत्ता नाही. मग काळीज फुगतं आणि एक दिवस मुसळ हातातून सुटतं. सरकारी माणसं येऊन औषध फवारून जायची, सगळ्यांच्याच घरात. थोडे दिवस बरं. मग विंचुका परत, कारण भेगा होत्या तिथंच. क्रिसान्तोचं म्हणणं, निवडुंगाचा चीक घालून जाड लेप दिला तर भिंतीला भेग पडणार नाही, आणि परत यायला त्यांना घर राहणार नाही.

"मग दे की लेप," एल्पिदिया म्हणाली. "बोलतोस कशाला?"

"माझ्या म्हणण्यावर कोण विश्वास ठेवेल? दाखवावं लागतं. अर्धी घरं आत्ता लिंपायची, अर्धी वर्षानं. दोन्हीकडे किती विंचुका परत आल्या ते मोजायचं. मग कुणी नाही म्हणू शकत नाही. मग सगळ्या जिल्ह्यात लिंपतील."

"आणि अर्धी कुठली ते कोण ठरवणार?"

"कुणीच नाही. तिथंच तर सगळं आहे."

शाळेत मास्तरांची टोपी ठेवली होती. टोपीत मक्याचे दाणे आणि अल्गारोबाच्या बिया, अर्धे अर्धे. घरची बाई येणार, डोळे मिटून हात घालणार. मका आला तर आत्ता लिंपण, अल्गारोबा आला तर पुढच्या साली. सगळं गाव जमलं होतं. पोरं खिडकीत. कुणीतरी मागून ओरडलं, "ओवेखेरो बहीणभावांच्या घरासाठी मक्याचं अख्खं कणीस ठेवलंय का रे टोपीत?" सगळे हसले. एल्पिदियापण हसली, कारण तिलाही तसंच वाटत होतं. भाऊ कशाला असतो माणसाला?

निकासियानं हात घातला, मका. निकासिया म्हणजे कुंपणापलीकडची, नवऱ्याला सोडून बाकी सगळं जिला दुसऱ्यापेक्षा चांगलं मिळतं अशी बाई. दाणा वर धरून तिनं सगळ्यांना दाखवला, जसा काही तिनंच पिकवला होता.

मग एल्पिदिया. ती टोपीत हात घालून भावाकडे बघत राहिली, की काहीतरी खूण करेल. क्रिसान्तो छताकडे बघत होता. हात बाहेर आला तर अल्गारोबाची बी.

"बी चुकून चिकटली बोटाला," ती म्हणाली. "परत घालते."

"नाही एल्पी," तो म्हणाला. गावासमोर. "थांबायचं घर."

ती घरी गेली नाही. शाळेच्या मागे त्याची वाट बघत उभी राहिली, आणि तो आल्यावर तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्याला खालच्या आवाजात विचारलं.

"काळ्या, माझ्याकडे देल्मा झोपते. चार वर्षांची पोर. लेकीनं माझ्या भरवशावर ठेवलीय."

"माहितेय मला."

"एक गाडी चिखल. रविवारी ये, सगळे चर्चला असतात. आतून लिंप. बाहेरून कुणाला कळणार नाही."

"मला कळेल ना."

"तुझ्या भाचीची पोर आहे ती!"

"थांबणाऱ्या प्रत्येक घरात कुणाची तरी नात झोपते, एल्पी. तुझं लिंपलं तर त्यांना काय सांगू? तिला मच्छरदाणी आणून देतो. खाट भिंतीपासून लांब ओढ, पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव. रोज येऊन बघेन."

"तुला बहीण नकोय," ती म्हणाली. "तुला उंदीर हवाय पिंजऱ्यातला."

"आईला कुणी मोजलं नाही," तो म्हणाला.

"आईचं नाव घेऊ नकोस. आईनं तुझ्याआधी माझं घर लिंपलं असतं."

आणि गेली. मच्छरदाणी आली ती तिनं वापरली, पण आभार मानले नाहीत. त्या दिवसापासून तिनं आपल्या कुत्र्याचं नाव बदलून डॉक्टर ठेवलं. भाऊ फाटकाशी आला की ही ओरडायची, "डॉक्टर, हाड! डॉक्टर, घाण करू नकोस इथं!" सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. क्रिसान्तो फाटकाशी उभा राहून कुत्र्याला म्हणायचा, "या डॉक्टरसाहेब, आज कुठला विभाग?" म्हणजे त्यात पण हा जिंकला.

निकासियाच्या भिंती झाल्या. ती येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून आत न्यायची. "हात फिरवून बघ. पोरीच्या गालासारखी. एल्पिदियाकडे काय, अजून जुनंच?"

थांबणाऱ्या घरांना क्रिसान्तोनं एकेक झाकणाची बाटली दिली होती. विंचुका दिसली की मारायची नाही, बाटलीत टाकायची, तो नाहीतर ती मिलाग्रोस येऊन मोजून नेणार. एल्पिदियानं त्या बाटलीत अल्गारोबाचा पाक भरला. तो मोजायला आला की तीच बाटली काढून भाकरीवर ओतायची. "खा. तुझ्या प्रबंधातलं आहे." तो खायचा. बोटं चाटून खायचा.

आणि विंचुका? दिसेल ती तिनं चपलेनं चिरडली. पहिलं म्हणजे पोरगी झोपते म्हणून. दुसरं म्हणजे निकासियासमोर आपल्या घरात ढेकूण निघायला नकोत म्हणून. आणि तिसरं, भावाचा पोपट व्हावा म्हणून. तो सापळा लावून, भेगांत फवारून बाहेर काढून मोजायचा तेव्हा एक-दोन सापडायच्या, तेवढ्याच. मिलाग्रोस वहीत लिहायची आणि तोंड पाडायची. न लिंपलेल्या घरात विंचुका नाहीत, तर मग लिंपून काय फायदा झाला? सगळं वर्ष फुकट.

एकदा तो खाटेमागे वाकून भिंतीकडे नुसता बघत बसला. भिंतीवर वरून खाली काळे-पांढरे ओघळ होते, विंचुकांच्या घाणीचे. ताजे. पुष्कळ.

"एल्पी, घाण आहे आणि करणारे नाहीत. गेले कुठं?"

"चर्चला."

"मारतेस ना तू?"

"माझं घर. माझी चप्पल."

"अगं, मारलीस तर मारलीस, पण मेलेल्या तरी बाटलीत टाक. मेलेल्या पण मोजता येतात."

"मग आईला मोज," ती म्हणाली.

तेवढ्या एका वेळी तो उठला आणि कुत्र्याशीसुद्धा न बोलता गेला. नंतर निकासियाकडून कळलं की तो तिच्या ओट्यावर बसून पाणी प्यायला, आणि छातीवर हात ठेवून बराच वेळ नुसता बसला. त्याच्या काळजात आईचाच रोग होता. ते त्याला कधीचंच माहीत होतं. छातीत यंत्र बसवायचं ठरलं होतं, इस्पितळवाले मागे लागले होते. हा म्हणायचा, शेवटची मोजणी झाली की. लेप झाला की. आणि शेवटच्या मोजणीला आला तेव्हा हिनं एकदा शेळ्यांचं कारण सांगितलं, एकदा डोकं दुखण्याचं. आणि तिसऱ्यांदा अडसर घातला.

तुझ्यामुळं गेला असं कुणी तिला म्हणालं नाही. म्हणायची हिंमतच नव्हती कुणाची.

* * *

शवपेटी एल्पिदियाच्याच घरात ठेवली, त्याच भिंतींमध्ये. अख्खं पुका पोसो आलं. इस्पितळातल्या बाया आल्या, तुकुमानहून दोन-चार पोरं आली, कोपऱ्यात कोकरांसारखी उभी राहिली. एल्पिदियानं त्यांना मातेचा पेला दिला नाही. पेला त्यांच्यापाशी आला की ती घेऊन पुढे द्यायची. हे सगळ्यांनी बघितलं. आमच्याकडे एवढं केलं की दुसरं काही बोलावं लागत नाही.

बौतिस्तापण आला होता. त्याला वाईट वाटत होतं, खोटं का बोला, डोळे सुजले होते पोराचे. पण सवय जात नाही माणसाची. म्हाताऱ्या बाया मयताची जुनी गाणी म्हणायला लागल्या तसा तो एल्पिदियाजवळ सरकला आणि हळूच, आदराचं 'दोन्या' लावून, म्हणाला, "दोन्या एल्पिदिया, परवानगी असेल तर... ही गाणी आता फार कुणी म्हणत नाही..." आणि खिशातून ती डबी.

एल्पिदियानं किटलीतलं पाणी त्याच्या बुटांवर ओतलं. फार गरम नव्हतं. "हे भर तुझ्या डबीत," ती म्हणाली, आणि मग किचवात जे म्हणाली ते त्याला शब्दन् शब्द कळलं. तेवढं शिकला होता.

मिलाग्रोस शेवटी आली, सगळे पांगल्यावर. नखांत अजून चिखल होता तिच्या.

"दोन्या एल्पिदिया, मला माहितेय ही वेळ नाही."

"मग बोलू नकोस."

"सरांचा... क्रिसान्तोंचा प्रबंध आम्ही पुरा करू शकतो. त्यांच्या नावानं. आमच्या बाई हो म्हणाल्यात. फक्त तुमच्या घराची शेवटची मोजणी राहिलीय. तेवढं एकच घर. ती झाल्याशिवाय..."

"तेवढ्यासाठी मेला तो. अजून काय मोजायचंय तुला?"

"मी नऊ दिवसांची प्रार्थना झाल्यावर येईन. तोवर फक्त भिंतीला हात लावू नका, एवढंच..."

"चालती हो," एल्पिदिया म्हणाली. कुत्रं उठलं, पण त्याला तिनं हाक मारली नाही. त्या दिवसापासून कुत्र्याला तिनं कुठल्याच नावानं हाक मारली नाही. बाहेर जा म्हणायचं तर नुसतं हात करायची.

प्रार्थना चालू असतानाच एक दिवस मेलेल्याचे कपडे नदीवर धुवायचे असतात. एल्पिदियानं ते दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. पांढरे कपडे पटकन निघाले. ती विजार काही निघेना. निवडुंगाच्या चिकाचा चिखल तो, वाळून दगड झालेला. तिनं घासली, आपटली, परत घासली. "बघा," ती बरोबरच्या बायांना म्हणाली, "म्हणजे टिकतो म्हणायचा. खोटं नव्हता बोलत मेला." बायांना कळेना हसायचं का रडायचं. ती विजार तशीच पिळून खांद्यावर टाकली आणि घरी निघाली.

घरी येऊन बघते तर अंगणात गर्दी. सगळी गल्ली. आमच्याकडे कुणावर वेळ आली की न बोलावता जमतात, एकाचं छप्पर, दुसऱ्याची विहीर, सगळे मिळून एका दिवसात उरकतात आणि मग बसून जेवतात. तेच चाललं होतं. क्रिसान्तोच्या वाळलेल्या चिखलात पाणी घालून माणसं परत तुडवत होती, त्याच खड्ड्यात. बायकांनी चूल पेटवली होती. निकासियाचा नवरा दोन्ही हातांत गोळा घेऊन भिंतीशी उभा, आणि पहिली थाप दारापाशी बसलीसुद्धा होती.

"ये एल्पिदिया!" निकासिया ओरडली. पदरचं पीठ आणलं होतं तिनं, खरं सांगायचं तर. "बस तू, कशाला हात लावू नकोस. आज तुझं घर पुरं करतो. त्याची इच्छा होती ना!"

एल्पिदियानं ओली विजार टाकली, धावत गेली, आणि नखांनी तो चिखल भिंतीवरून खरवडायला लागली.

"एल्पिदिया! काय करतेस?"

"बाहेर व्हा."

"अगं, तुझ्यासाठीच..."

"मोजल्याशिवाय लिंपायचं नाही! बाहेर व्हा सगळे! भीक मागितली होती का मी?"

"वेड लागलंय हिला," निकासियाचा नवरा म्हणाला. हातातला गोळा खाली टाकावा की नाही, त्याला कळेना. "वर्षभर लिंप लिंप म्हणून बोंबलत होतीस."

"तेव्हा लिंपायचं होतं. आता नाही."

"मोजणार कोण? मोजणारा तर गेला."

"ती तुकुमानची पोरगी."

"तिला तर तू हाकललंस!"

"हाकललं. येईल. असल्यांना लाज नसते."

माणसं पाय धुऊन निघाली. काही रागावली, काही एकमेकांकडे बघून बोटानं डोकं दाखवत होती. चूल विझवायला लागली निकासिया. एल्पिदिया तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. दोघी लहानपणापासून शेजारणी, पण हिनं तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मीठसुद्धा नाही.

"तुझ्या भिंती गुळगुळीत आहेत ना," एल्पिदिया म्हणाली.

"आहेतच. का?"

"ती पोरगी येईपर्यंत देल्माला तुझ्याकडे झोपव."

निकासियानं राखेत काठी फिरवली. मजा घेतली तिनं, सोडली नाही. "म्हणजे माझं घर चाललं म्हणायचं शेवटी?"

"घर चालतं. तू नाही चालत."

"पोरीची उशी दे मग," निकासिया म्हणाली. "आमच्याकडे उशा मोजक्या आहेत."

बौतिस्ता कुंपणाशी उभा होता, आत यायची हिंमत नव्हती. एल्पिदियानं त्याला बोटानं बोलावलं. तो आला, बूट लांब ठेवून.

"ती डबी चालते का अजून?"

"चालते, दोन्या एल्पिदिया."

"काढ. त्या पोरीला ऐकव." आणि डबीच्या अगदी तोंडाशी तोंड नेऊन, बहिऱ्याशी बोलावं तशी ती ओरडली, "ए पोरी! यायचं तर ये. पाय पुसून ये. रडायचं असेल तर बाहेर रडून ये. भिंत तशीच आहे." मग डबी परत जवळ ओढली. "आणि त्या बाईला सांग, नर्सचं आहे म्हणून कमी मोजू नको म्हणावं." डबी बाजूला ढकलली. "बंद कर. नाहीतर माझ्या श्वासाचा पण प्रबंध करशील."

मग ती आत गेली. बाटलीत पाक तसाच होता, तळाला. तो तिनं भांड्यात ओतला, बाटली राखेनं घासली, दोनदा विसळली, उन्हात उपडी घातली. तरी वास गेला नाही.

दिवेलागणीला निकासिया उशी न्यायला आली. एल्पिदिया खाटेवर उशीचा अभ्रा चढवत होती. तेवढ्यात खाटेच्या वरच्या भेगेतून एक विंचुका बाहेर आली. मोठी, काळी, कडेला पिवळे पट्टे. भिंतीवर थांबली, जशी काही ती पण बघायला आली होती.

एल्पिदियाचा हात सवयीनं पायाकडे गेला. चप्पल हातात आली. निकासिया दारात श्वास धरून उभी, कारण एल्पिदियाच्या घरात ढेकूण तिनं जन्मात पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला होता, आणि उद्या सकाळपर्यंत ते कुणाला सांगायचं बाकी राहणार नव्हतं.

चप्पल खाली आली, जमिनीवर. एल्पिदियानं उन्हातून आत आणून ठेवलेल्या बाटलीचं तोंड भिंतीला लावलं, खालून झाकण सरकवलं आणि फिरवलं. विंचुका काचेवर चढायला लागली, घसरली, परत चढायला लागली. एल्पिदियानं बाटली उजेडाकडे धरून बघितली आणि फळीवर, जिथं पाकाची असायची तिथंच, ठेवली.

"काय बघतेस?" ती निकासियाला म्हणाली. "तुझ्याकडे नाहीत म्हणून?"